वर्षाच्या आतली लाल गाडी

मुलुंड स्टेशनबाहेर झेंडूच्या राशी बसल्या की हल्ली माझे कान गरम होतात. बाकीच्या बायका भाव करतात, फूल दाबून बघतात, पिवळा बरा की केशरी बरा यावर वाद घालतात. मला आधी लाज वाटते आणि मग घाम येतो. ऑक्टोबरचं ऊन असतं म्हणून बरं, दोन्ही एकदम आले तरी बघणाऱ्याला वाटतं बाईला उकडतंय. यंदाही तेच झालं. फुलवाल्याने विचारलं, "ताई, दाराला की गाडीला?" आणि मी उगाच पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

गेल्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. माझा नवरा श्रीकांत फेब्रुवारीत गेला. आम्ही कोकणातले, आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्ष पाळतात. तोरण नाही, फराळ नाही, कपडालत्ता नाही, नवी वस्तू तर नाहीच नाही. दिवाळीला शेजारणी डबे आणून देतात, ते मुकाट्याने घ्यायचे. मी हे सगळं जाणून होते, सासऱ्यांच्या वेळी चोख पाळलंही होतं. आणि त्याच वर्षात, तेही पितृपक्षात, मी स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, वापरलेली, पण स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, बटण दाबलं की उघडणारं छप्पर. रंग लाल. कुंकवाचा लाल म्हणाल तर तोही नाही, लिपस्टिकचा. हे लिहितानासुद्धा मी एकदा मागे वळून बघितलं.

गेले होते खरं तर गाडी विकायला. श्रीकांतची चंदेरी गाडी खाली नुसती उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. घाटकोपरला महेशभाई म्हणून जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे, त्याच्याकडे नेली. तो कागद बघत होता तेवढ्यात मला मागच्या कोपऱ्यात कव्हराखालून एक चाक दिसलं. चाक एवढं रुंद कशाला, म्हणून मी कव्हर वर केलं. बस. त्याने किल्ली दिली, मी आत बसले. बसले म्हणजे काय, पडलेच, इतकी ती खाली. इंजिन सुरू झालं आणि आवाज कानात यायच्या आधी पोटात आला. मी चोपन्न वर्षांची बाई, अंधेरीला एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळते, नट-बोल्टचे दर पाडून घेते, आणि तिथे त्या गाडीत बसून मला हसू आवरेना.

महेशभाईलाच कसंतरी वाटलं. म्हणाला, "बेन, श्राद्ध चालू आहे. नवरात्री बसू दे, मग घेऊन जा. गाडी कुठे पळून जाते?" मी म्हटलं, आत्ता न्यायची. कारण मला माझी खात्री होती. घरी गेले असते, एक रात्र झोपले असते, तर शहाण्यासारखी वागले असते. पैसे माझे होते, माझ्या पगारातले, एवढं सांगून तो विषय मिटवते.

श्रीकांत चांगला माणूस होता. हे मी जिकडेतिकडे सांगत सुटते, कारण गाडीकडे बघून लोकांना उलटंच वाटेल याची मला धास्ती. ती चंदेरी गाडीही मीच चालवायचे, तो डावीकडे बसायचा, एक हात समोर टेकवून, आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत राहायचा. "हळू गं, हळू." काळजीपोटीच. मला कधी त्याचा राग आला नाही, आणि म्हणूनच लाज जास्त वाटते. राग असता तर निदान म्हणता आलं असतं, सुटले बाई एकदाची. तसलं काही नव्हतं. तो गेल्याने मला अजूनही जेवताना घास अडतो, आणि तो गेल्यानंतरच मी ही गाडी घेतली. दोन्ही खरं. कुणाला समजावून सांगणार, कप्पाळ?

त्या दिवशी गाडी आणली ती भर दुपारी, म्हणजे कुणी खाली नसेल. पण आमच्या सोसायटीची सेक्रेटरी माधवी गेटपाशी उभीच. माधवी मनाने वाईट नाही, फक्त तिला सगळं माहीत असावं लागतं. सोसायटीच्या गेटात उंचवटा आहे, त्यावर गाडीचं पोट घासलं आणि असा खर्रकन आवाज झाला की तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. "अगंबाई! कुणाची गं ही?" माधवीने विचारलं.

माझ्या तोंडून गेलं, "भाच्याची."

आणि मग एकदा तोंड उघडल्यावर काय, सगळं सुचत गेलं. तन्मयची, माझ्या बहिणीच्या मुलाची. चेंबूरला असतो ना, त्याच्या बिल्डिंगीत पार्किंग नाही, आमची जागा रिकामी झालीये, म्हटलं लाव इथे. माधवी म्हणाली, "हौशी दिसतोय." घरात पाऊल टाकायच्या आधी मी जिन्यातूनच तन्मयला फोन लावला. तो खो खो हसला. "मावशी, माझी गाडी आहे तर निदान फोटो तरी पाठव ना यार."

माधवीची भीती नव्हती. चार दिवस बोलते, विसरते. भीती एकाच माणसाची होती, माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आई म्हणते. लग्न होऊन मालवणकडून आल्या, सासरे गिरणीत होते, गिरण्या गेल्यावर सगळे मुलुंडला आलो. ऐंशीच्या पुढे वय, एकुलता एक मुलगा गेला. माझ्यासमोर रडल्या नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवायच्या. त्यांना कळलं तर त्या एवढंच समजतील, की माझा झील जाऊन वर्ष झालं नाही आणि हिला काही नाही. घरात आम्ही दोघीच उरलो होतो. त्यांच्या मनातून उतरले असते तर मला त्या घरात कुणीच उरलं नसतं. म्हणून त्यांनाही भाचाच सांगितला.

अशा गाडीचं करावं किती लागतं हे घेतल्यावर कळलं. नुसती झाकून ठेवली तर बॅटरी बसते. छपराच्या कडेची रबरं पुसून त्यांना हाताने मलम चोळावं लागतं, नाहीतर कडक होऊन भेगा पडतात. आणि छपराच्या खाचेत पाणी जायला बारीक भोकं असतात. आमच्या आवारातल्या झाडाची पानं एवढीशी, ती नेमकी त्या भोकांत बसायची. परतीच्या पावसाने एकदा गडगडाट करून असा दणका दिला की सकाळी डावी सीट चिंब. गॅरेजवाला म्हणाला, बारीक तार घालून साफ करा, पण जपून, आतली नळी फाटायची. तार कुठली आणू? मी स्वयंपाकघरात गेले आणि आईंच्या नारळाच्या खराट्यातला एक हीर उपसला. काय झकास काम झालं! हीर वाकतो, मोडत नाही, नळीला लागत नाही. मग दर आठवड्याला एक हीर. लोक लक्ष्मी म्हणून ज्याची पूजा करतात त्याच्या काड्या मी गाडीच्या भोकात घालत होते. पण तिथे ओणवं होऊन, ओढणी कमरेला खोचून, पाणी नळीतून खाली टपटप पडताना बघायला मला जे बरं वाटायचं, त्याला काय नाव द्यायचं?

रस्त्यावर मात्र वाट लागायची. पेट्रोल पंपावर मुलगा माझ्याकडे न बघता बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून विचारायचा, "साहेब कार्ड देणार का?" जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या सिग्नलला बाइकवरची पोरं थांबली. "आंटी, हो जाए?" मी काच वर केली. छप्पर उघडं, काच बंद, आतमध्ये मी, पांढऱ्या बटांची. एकदा तर चेकनाक्याजवळ छप्परच अर्ध्यात अडकलं. धड उघडं नाही, धड बंद नाही, वर आभाळाकडे तोंड करून उभं. मागे हॉर्नचा कल्लोळ. एका रिक्षावाल्याने शांतपणे बाजूला येऊन विचारलं, "मॅडम, छत्री देऊ का?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. घरी येऊन आरशात पाहिलं तर मी हसत होते. मग त्या हसण्याचीही लाज वाटली.

रविवारी सकाळी लवकर निघायचे. घोडबंदर रोडने, मग भाईंदर, उत्तन करत गोराईला. गायमुखाच्या वळणांवर स्टिअरिंगमागची पट्टी बोटाने ओढली की गिअर उतरतो आणि इंजिन असा हुंकार देतं की अंगावर काटा येतो. डावीकडून कुणी हळू म्हणत नाही. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. नंतर पुन्हा सुरू केली आणि आधीपेक्षा जोरात चालवली. असं माझं चालायचं. उत्तनच्या पुढे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असायचे, छप्पर उघडं असल्याने तो वास थेट अंगावर यायचा. तिथे रस्त्याकडेला बसणारी एक मावशी होती. तिने सुक्या बोंबलांची जुडी बांधता बांधता विचारलं, "गाडी तुजी काय गो बाय?"

आसपास कुणी ओळखीचं नव्हतं. मी म्हटलं, "माझी."

"ब्येस हाय," ती म्हणाली आणि दोन बोंबील जास्त घातले. जगात एवढ्या एकाच बाईला मी खरं सांगितलं होतं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

ते बोंबील मी डिकीत टाकून आणले. मऊ कातडी सीटा, त्यावर आठवडाभर सुकटीचा वास. एखाद्या शौकिनाने बघितलं असतं तर मला बदडलं असतं. आईंनी रात्री बोंबलाची चटणी खाल्ली. भाकरी संपवली. "हे बोंबील खंयसून आणलंस गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तन्मयने गोराईहून आणले. "तुझो भाचो गुणाचो आसा हां," आई म्हणाल्या. मग दर रविवारी भाचा बोंबील आणू लागला. कौतुक त्या पोराचं, आणि मी मान खाली घालून भाकरी थापत होते.

दसऱ्याला आवारात सगळ्यांच्या गाड्या धुतल्या गेल्या. हार, कुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. आमच्या दाराला तोरण नव्हतंच. मी गॅलरीत आईंजवळ उभी राहून खाली बघत होते. एक माझी तेवढी करड्या कव्हराखाली. माधवीने खालून हाक मारली, "अगं, भाच्याला सांग ना, आजच्या दिवशी तरी येऊन हार घाल म्हणावं. मुक्या वस्तूलाही वाटतं." मी हो हो केलं.

दिवाळीच्या थोडं आधी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "माका एकदा त्या गाडयेत बसव."

"तन्मयला विचारते," मी म्हटलं.

"भाच्याक कित्याक इचारूक होया? तूच काढतंस ना ती? गॅलरीत बसान मी दुसरा काय करतंय? आणि माझ्या वाढवणीचे हीर खंय जातत, ता माका कळत नाय?" वाढवण म्हणजे खराटा. मी काही तरी पुटपुटायला लागले, पण त्या उठून पातळ नीट करत होत्या. "चल, उजेड आसा तवसर."

ऐरोलीच्या पुलावर नेलं त्यांना. छप्पर उघडलं. खाडीवरून वारा आला तसा त्यांनी पदर दातात धरला आणि एका हाताने चष्मा. मी चाळिसाच्या वर काटा जाऊ देत नव्हते. थोड्या वेळाने पदर सोडून म्हणाल्या, "हळू कित्याक चालवतंस?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या, तोंडावर सगळं ऊन. मी गाडी सोडली.

परत आल्यावर त्यांना बाहेरच येता येईना. गुडघे वर, बूड खाली, धरायला काही नाही. मी ओढतेय, वॉचमन ओढतोय, माधवी धावत आली. तिघांनी मिळून उचललं. आवारात चांगली दहा-पंधरा माणसं जमली. आई हसत होत्या, त्या वर्षात मी पहिल्यांदा ऐकलं ते हसू. माधवी धापा टाकत म्हणाली, "काय आजी, भाच्याची गाडी मानवली का?"

आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "भाच्याचीच ती," त्या म्हणाल्या, "बरो पोरगो आसा."

देवापुढे बसून खोटं बोलायचं नाही म्हणणारी बाई ती. लिफ्टमध्ये मला त्यांच्याकडे बघवेना. घरात आल्यावर मी विचारलं, "आई, तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"तुका कोणी बोलाक नको म्हणान." पाणी प्यायल्या. भांडं हातातच राहिलं. "माझो झील गेलो, आणि मी आयतवारची वाट बघतंय. बोंबील येतले म्हणान. दोन दोन खातंय. माका लाज नाय वाटत?"

मी त्यांच्या पायाशी बसले. दिवे लावायची वेळ टळून गेली तरी दोघीही उठलो नाही. मला वाटलं होतं, या घरात लाज माझी एकटीची आहे. एकाच ताटातलं खाऊन दोघी वेगवेगळ्या लाजत होतो, आणि एकमेकींना वाटत होतं की दुसरी दुःखात आहे, तिला कळता कामा नये. दुःखात तर होतोच. त्याने भूक कुठे थांबते.

फेब्रुवारीत श्रीकांतचं वर्षश्राद्ध झालं. भटजींनी सांगितलं, आता सण करायला हरकत नाही. म्हणजे गाडी आता माझी म्हणायलाही हरकत नव्हती. पण कसं म्हणणार? आता म्हटलं तर लोक विचारणार, कधीपासून? खोटं एकदा सांगितलं की त्याला रोज दूधभात घालावा लागतो, तसा मी भाच्याला घालत राहिले. चाकं बदलली तर भाच्याने बदलली. तेल बदललं तर भाच्याने. तन्मयचं लग्न ठरतंय असं कळल्यावर माधवीने विचारलंही, "मुलीला गाडी आवडली का?"

मग यंदाचा दसरा. स्टेशनबाहेरच्या त्या फुलवाल्याकडून शेवटी दोन हार घेतले, एक दाराचा, एक मोठा. घरी आले तर आई गॅलरीत. त्यांनी मोठा हार बघितला. मी खाली गेले. आवारात सगळे होते, पोरं, बायका, बादल्या, ओलं सिमेंट. मी कव्हर काढून घडी घातली. घडी काही नीट होईना.

"अय्या, भाचा नाही आला?" माधवी हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे आली.

"भाच्याची नाही गं ती," मी म्हटलं. "माझी आहे."

"तुझी? कधी घेतलीस? यंदा?"

"नाही. गेल्या वर्षी. पितृपक्षात."

माधवीच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला मला स्पष्ट दिसला. फेब्रुवारी, मग सप्टेंबर. "म्हणजे श्रीकांतचं..." ती थांबली.

"हो. वर्षाच्या आतच."

नळ चालू होता तो कुणीतरी बंद केला. माधवीने ताट मागे घेतलं नाही आणि पुढेही केलं नाही. माझं तोंड असं तापलं होतं की लाल गाडीशेजारी मी वेगळी दिसतही नसेन. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच असावं. हार हातात होता, पण हात पुढे जाईना. उन्हात उभे सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यात वाईट असं कुणीच नव्हतं, रोज एकमेकांकडे विरजण मागणारी माणसं.

तेवढ्यात वरून आवाज आला. गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून आई उभ्या होत्या, आणि मालवणच्या बाजारात घालावी तशी त्यांनी हाक घातली.

"होय गो माधवी, वर्षाच्या आतच घेतल्यान! आणि मी बसलंय तेतूर! माझो झील गेल्लो तरी माका बरा वाटला!"

सगळ्यांनी वर बघितलं. मला वर बघवेना. मी चाकापाशी वाकले आणि हाराचा दोरा सोडवू लागले.